आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळी पक्षीनिरीक्षण: पहिल्यांदाच जाणार असाल तर

अलिबागजवळच्या आक्षीला मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरातल्या एका रविवारी, आणि किनाऱ्यावर पोचले भर दुपारी बारा वाजता. ठाण्याहून निघायला उशीर, वडखळला वडापावसाठी थांबा, अलिबागच्या तोंडाशी गाड्यांची रांग, असं सगळं यथासांग झालं. समुद्र सुरूच्या झाडांपर्यंत भरलेला. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, पिशवीत जाडजूड पुस्तक, आणि दिसलं काय, तर चार कावळे आणि पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारा एक उंट. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईंनी विचारलं, काय बघतेस? म्हटलं, पक्षी. त्या हसल्या. ‘आता भरतीला कंचं पाखरू दिसनार? सुकतीला ये.’

सुकती म्हणजे ओहोटी. त्यानंतर दर हिवाळ्यात तीन-चार वेळा तरी जाते, आणि नव्या मंडळींना घेऊन गेले की तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. जागा आक्षीची असली तरी पश्चिम किनाऱ्यावर कुठेही वाळूच्या पुळणीवर जाणार असाल तर यातलं बरंच काही लागू पडेल.

१. आधी तिथी बघा, मग सुट्टी मागा

रानातले पक्षी सूर्याच्या वेळेवर चालतात, किनाऱ्यावरचे चंद्राच्या. ओहोटीला जी ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो, तेच त्यांचं ताट. पाणी भरलं की ताट झाकलं. मग ते कुठेतरी कोरड्या जागी गटाने विसावतात किंवा खाडीच्या आत निघून जातात. म्हणून रविवार आहे म्हणून जाऊ नका, पाणी जुळतंय म्हणून जा.

भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर मिळतात. मुंबईच्या वेळा धरल्या तरी अलिबागसाठी चालतात, फरक थोडाच. पण मला अजूनही कोकणातला जुना हिशोब आवडतो, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतो. पक्ष कुठलाही असो, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीची साधारण वेळ. द्वितीया असेल तर दीड: दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेच या पाऊणमागचं गणित. मिनिटांच्या हिशोबाला हे चालणार नाही, पण ‘या शनिवारी जावं का’ एवढं सांगायला पुरतं.

नवख्या माणसाने पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते चतुर्थी धरावी. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओहोटी लागते, आणि मग चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी मागेही लांब जातं आणि वरही पुरतं चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. पक्षी तेव्हाही असतात, पण विखुरलेले.

सकाळच धरायची याला दुसरंही कारण आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर स्वच्छ उजेड पडतो. संध्याकाळी तोच सूर्य समोर येतो आणि हजार पक्षी असले तरी सगळ्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. सूर्यास्ताचे फोटो काढायचे असतील तर संध्याकाळी जरूर जा, पक्षी ओळखायला नको.

महिने? ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. चिखल्यांसारखे (इंग्रजीत प्लोव्हर) काही पाहुणे ऑगस्टपासूनच उतरायला लागतात, पण कुरवांचे (इंग्रजीत गल) थवे दिसायला थंडी पडावी लागते.

२. जायचं कसं, आणि रात्रीच का पोचायचं

आक्षी अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर, रेवदंड्याच्या रस्त्याला आहे. मुंबई-पुण्याहून एसटीने अलिबाग, तिथून रेवदंड्याकडे जाणारी एसटी किंवा मिनीडोर रिक्षा. मुंबईकरांना गेटवेवरून मांडव्याची बोट हा दुसरा रस्ता. तासाभराची बोट आणि पुढे अलिबागपर्यंत बस.

पहाटे निघून सकाळी पोचू, या भानगडीत पडू नका. पहिली बोट धरली तरी ओहोटीची निम्मी वेळ प्रवासातच जाते. आदल्या संध्याकाळी पोचा. आक्षी-नागावात नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्याच्या सोयी भरपूर आहेत. रात्रीच मालकांना सांगून ठेवा, ‘दादा, सहाला चहा मिळेल का?’ कारण शनिवार-रविवारी तिथे आठशिवाय कुणी उठत नाही. आणि बायकांसाठी खास: किनाऱ्यावर स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका. मुक्काम किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर निम्मी काळजी मिटते.

बोटीने जात असाल तर पक्षीनिरीक्षण गेटवेलाच सुरू होतं. बोटीमागे जे पांढरे थवे येतात ते कुरव. लोक त्यांना गाठ्या नि वेफर टाकतात, तुम्ही टाकू नका. पण इतक्या जवळून कुरव पुन्हा दिसणार नाही, तेव्हा नीट बघून घ्या. इथेच पहिला सापळा आहे. काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात काळ्या डोक्याचा नसतो, आणि तपकिरी डोक्याचा तपकिरी डोक्याचा नसतो! दोघांचंही डोकं पांढरं, कानापाशी एक गडद ठिपका. मग ओळखायचं कसं? डोळा बघा. मोठ्या वयाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, आणि उडताना पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी. एक तासाच्या बोटीत हे एवढं जमलं तर तिकीट वसूल.

३. सोबत काय घ्यायचं

किनाऱ्यावर जायला परवाना लागत नाही. कागदपत्रांत फक्त मुक्कामासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र. बाकी सामान असं:

दुर्बीण, ८×४२ची. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×ची, नाहीतर थेट २०×ची गळ्यात मारायला बघेल. हातात धरल्यावर ती थरथरते आणि वाऱ्यात तर काहीच धड दिसत नाही. दहा हजारांच्या आत बरी दुर्बीण मिळते. पहिल्या फेरीला उसनी मागितली तरी चालेल.

पट्ट्याचे सँडल. बूट भिजतात, चप्पल चिखलात रुतून राहते. माझी एक अजून तिथेच आहे.

टोपी, दोन लिटर पाणी, छोटी वही नि पेन्सिल (शाई खाऱ्या ओलीत पसरते), दुर्बीण पुसायला मऊ सुती कापड, मोबाइलसाठी झिप लावलेली पिशवी. कपडे मळकट रंगाचे. थंडी म्हणाल तर पहाटे एक पातळ जॅकेट, साडेनऊला तेही कमरेला बांधलेलं असतं.

गटात कुणाकडे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर त्याच्याशी गोड बोला. लांबच्या चिखल्यांना त्याला पर्याय नाही.

अ‍ॅप दोन: नोंदींसाठी ईबर्ड, ओळखायला मदत म्हणून मर्लिन. मर्लिनचं आवाजावरून ओळखणं रानात कामाचं, इथे लाटा आणि वारा त्याला काही ऐकूच देत नाहीत.

४. वाळूवर उतरल्यावर लगेच चालायला लागू नका

जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. त्याआधी पंधरा मिनिटं सुरूच्या झाडांपाशी उभे राहा आणि नुसत्या डोळ्यांनी सगळा किनारा वाचा. पाण्याची कड कुठे आहे, मध्ये कुठे पाणी साचून राहिलंय, वाळूचे उंचवटे कुठे, कुत्री कुठल्या बाजूला आहेत. कुत्री असतील तिथे थवा टिकत नाही, तेव्हा उलटी दिशा धरा. उत्तरेला खाडीचं मुख आहे, दक्षिणेला नागाव. नागावच्या बाजूला दहानंतर पाण्यातले खेळ आणि गाड्यांचा धुडगूस सुरू होतो, म्हणून मी सुरुवात त्या बाजूने करते आणि गर्दी व्हायच्या आत खाडीकडे वळते.

मग दुर्बीण लावून पाण्याची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. दुसऱ्यांदा वाळूचा एक ढेकूळ धावायला लागतो. तिसऱ्यांदा कळतं की तिथे दोनशे ढेकळं आहेत.

५. सगळे सारखेच तपकिरी: यांना ओळखायचं कसं

नवखे इथेच हात टेकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. बरेचसे पाहुणे आपले भडक कपडे विणीच्या प्रदेशात ठेवून येतात. इथे हिवाळाभर वर मातकट, खाली पांढरे. त्यामुळे पुस्तकातलं रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि पक्षी खातो कसा ते बघा.

चिखल्या धावतो, थांबतो, टोचतो. पुन्हा धावतो, थांबतो, टोचतो. मोठे डोळे, आखूड चोच. तो नजरेने शिकार करतो. तुतवार (इंग्रजीत सँडपायपर) मात्र मान खाली घालून चोच वाळूत खुपसत चालत राहतो, शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर. लांब चोचीने तो खोलवरचं चाचपून काढतो. एवढा एक फरक कळला की समोरचा थवा दोन ढिगांत वाटला जातो, आणि मग काम सोपं.

आता चिखल्यांचा ढीग घ्या. मानेमागे पूर्ण पांढरी कॉलर आहे? केंटिश चिखल्या. कॉलर नाही, मानेचा मागचा भाग मातकटच? तो वाळू-चिखल्या. त्यातही छोटा आणि मोठा. मोठ्याची चोच लांब, दणकट, पाय लांब. दोघे शेजारी उभे असतील तर फरक दिसतो, एकटाच असेल तर मी सरळ प्रश्नचिन्ह टाकते. आणखी एक गोंधळ आधीच सांगून ठेवते: जुन्या पुस्तकांतला लेसर सँड प्लोव्हर अ‍ॅपमध्ये शोधलात तर तिबेटन सँड प्लोव्हर पुढे येतो. अलीकडे त्या जातीचे दोन भाग केले, तिबेटन आणि सायबेरियन. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे मुख्यतः तिबेटन. पक्षी तोच, पाटी बदलली.

तुतवारांच्या ढिगात सँडरलिंग ओळखायला सगळ्यात सोपा, आणि माझा लाडका. जवळजवळ पांढराच, काळे पाय. लाट परतली की तिच्या मागे धावतो, नवी लाट आली की पाय भिजायच्या आत उलटा पळतो. एका सकाळी मी वीस मिनिटं हेच बघत बसले होते. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं. ओल्या वाळूवरचे ताजे ठसे बघा, तीनच बोटं उमटलेली असतात. शेजारी बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेली वाळूच्या गोळ्यांची रांगोळी, आणि त्या रांगोळीतून गेलेली ही तीन बोटांची शिवण.

टिलवे (रेडशँक वगैरे) उभट, सावध. लाल पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा म्हणजे लाल पायांचा टिलवा. थव्यातला चौकीदार हाच. तो ओरडला की सगळे उडतात. मोठ्ठी, खाली वळलेली चोच दिसली तर कर्ल्यू. ती चोच बघून कुणालाही पहिल्यांदा वाटतं की ही पक्ष्याला जरा मोठीच झाली. काळापांढरा पक्षी आणि गाजरासारखी चोच म्हणजे ऑयस्टरकॅचर. तो दिसला तर सकाळ सार्थकी लागली म्हणा.

पाण्याच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या गर्दीत कुरव आणि सुरय (इंग्रजीत टर्न) मिसळलेले असतात. सुरय सडपातळ, आखूड पायांचा, टोकदार पंखांचा. त्यांत एखादा कुरवाएवढा दांडगा आणि लालभडक चोचीचा दिसला तर तो कॅस्पियन सुरय. मोठ्या कुरवांच्या पिल्लांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. त्यांना प्रौढांचा पिसारा यायला तीन-चार वर्षं लागतात आणि दर वर्षी ती वेगळी दिसतात. त्यावर जाणकारांची भांडणं होतात, आपण मध्ये पडू नये.

कुठल्याही पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर रंग, अक्षरं, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, सगळं लिहून घ्या आणि जमल्यास फोटो काढा. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अनेक वर्षं पक्ष्यांना कडी घालते. तुमची ही एक ओळ त्यांना कळवलीत तर त्या पक्ष्याच्या प्रवासातला एक मुक्काम नोंदला जातो.

६. पाणी फिरलं की खाली बसा

ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की पक्ष्यांच्या मागे जाणं बंद. उलट त्यांच्या आणि झाडांच्या मधे, पण बाजूला, वाळूवर बसून घ्या. उभा माणूस त्यांना धोका वाटतो, बसलेला तेवढा वाटत नाही. पाणी एकेक वीत पुढे येतं तसे चिखल्या एकेक पाऊल मागे सरकतात, म्हणजे तुमच्याकडे. शंभर पावलांवरचे पक्षी तासाभरात वीस पावलांवर येतात. मग दुर्बीणही नको वाटते.

फोटोसाठी त्यांच्यावर चालून जाणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला आवरा. थवा मान वर करून चरायचा थांबला, की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर विशेष, कारण तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उडवाउडवी त्यांच्या शिदोरीतून जाते.

आता धोक्याचं. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात अगदी सावकाश, मधल्या दोन तासांत सगळ्यात भरभर. आणि ते समोरूनच येतं असंही नाही. एकदा मी वाळूच्या उंचवट्यावर स्कोप लावून बसले होते. समोरची लाट चांगली लांब होती, म्हणून निर्धास्त. मागे वळून बघते तर माझ्या आणि किनाऱ्याच्या मधली सखल पट्टी केव्हाच भरलेली. मैत्रिणीचा स्कोप डोक्यावर धरून मांडीभर पाण्यातून आले, आणि त्या पाण्याला चांगली ओढ होती. तेव्हापासून नियम केला: दर दहा मिनिटांनी मागे बघायचं, ओहोटीच्या वेळेनंतर सव्वा तासाने उंचवटा सोडायचा. चिखल घोट्याच्या वर गेला तर आल्या पावली परत. मुलं बरोबर असतील तर उंचवट्यावर जाऊच नका.

७. ऊन चढल्यावर

दहापर्यंत किनाऱ्यावर माणसं येतात. तेव्हा सुरूच्या बनात शिरा. हळद्या, राखी कोतवाल, वेडे राघू तिथे सहज मिळतात. मान वर ठेवा. समुद्री गरुड याच उंच झाडांवर घरटं करतो आणि हिवाळा हाच त्याच्या विणीचा काळ. घरटं सापडलं तर खाली गर्दी करू नका, आणि जागा कुणालाही कळवू नका, फोटोसकट तर मुळीच नाही.

परतताना आक्षी गावातला शिलालेख बघून घ्या. शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो धरला जातो. आणि हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. तिथेच सालिम अलींनी सुगरणीच्या विणीचं निरीक्षण केलं आणि पुढे ते प्रसिद्ध झालं. हिवाळ्यात घरटी विणणाऱ्या सुगरणी दिसणार नाहीत, पण किहीमच्या नारळांकडे त्या नजरेने बघायला काय हरकत आहे?

८. नोंद: त्याच दिवशी, तिथेच

ईबर्डवर यादी किनाऱ्यावर पोचल्यावर सुरू करा आणि किनारा सोडताना बंद करा. बंद करायला विसरलात तर परतीचा सगळा रस्ता त्याच यादीत जमा होतो, आणि आक्षीच्या किनाऱ्यावर तुम्ही सत्तर किलोमीटर चाललात असं दिसतं. मी हे केलंय. बोटीवरच्या कुरवांची यादी वेगळी ठेवा.

संख्या मोजताना दहांचा एक गट नजरेत बसवा आणि असे किती गट ते मोजा. ‘भरपूर’ असं लिहू नका, अंदाजे १५० लिहा. जात कळली नाही तर ‘वाळू-चिखल्या, नक्की कुठला ते नाही’ अशी नोंद करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, ती वापरायला लाजू नका. माझ्या पहिल्या नीट यादीत अकरा जाती होत्या आणि चार ओळी अशा अर्धवट. गेल्या जानेवारीत एकोणतीस जाती, आणि अर्धवट ओळी अजूनही तीन.

वहीत भरतीची वेळ आणि तिथीही लिहा. पुढच्या वर्षी तीच उपयोगी पडते. हात बसला की जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत कुणाबरोबर तरी जा, मोजणी खरी तिथे शिकायला मिळते.

घरी आल्यावर आधी दुर्बीण. कोरड्या कापडाने घासू नका, वाळूच्या कणांनी भिंगावर चरे पडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने वाळू उडवा, मग किंचित ओलसर कापडाने मीठ पुसा, मग कोरडं. पट्टा आणि सँडल गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. खिशातल्या वाळूचं मात्र काही करता येत नाही, ती पुढचे आठ दिवस घरभर सापडत राहते.